नेपाळमधलं दंतशिबिर: मुलांना न्यावं का?

सायली_ठाणे: नवरा दंतवैद्य आहे. ऑक्टोबरमध्ये सिंधुपाल्चोकच्या खेड्यांत शिबिराला सगळ्यांनीच जायचं चाललंय. मुलगी 14 ची, मुलगा 9 चा. आम्हा तिघांना दातांतलं काही कळत नाही. उपयोग होईल की अडचण?

दंतवैद्या_मिरज: जरूर जा. नेपाळीची लिपी देवनागरीच, त्यामुळे नावनोंदणी मुलगी सहज सांभाळेल. धाकटा शाळेतल्या पोरांना ब्रश धरायला शिकवेल. मुलं मुलांचं चटकन ऐकतात. फक्त सुया आणि वापरलेल्या हत्यारांजवळ दोघांना फिरकू देऊ नका. हत्यारं धुणाऱ्या मोठ्यांनी हिपॅटायटिस बीची लस आधीच घ्यावी. मिस्टरांना नेपाळ मेडिकल कौन्सिलची तात्पुरती नोंदणी लागेल.

मला खरी तळमळ वेगळ्याच गोष्टीची आहे. दात उपटायचे आणि निघून यायचं, असं शिबिर करू नका. वीज नसली तरी हातातल्या हत्यारांनी कीड खरवडून ग्लास आयोनोमर (दातातला खड्डा बुजवायचं सिमेंट) भरता येतं. 2021 पासून ते जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. तुम्ही परतल्यावर कुणाला रक्तस्राव झाला तर कोण बघणार, हे तिथल्या आरोग्य चौकीशी आधी ठरवा.

प्रवासी_कोल्हापूर: ऑक्टोबरात दशैंची, म्हणजे नेपाळी दसऱ्याची, सुट्टी असते, शाळा बंद. तारखा तपासा.

सायली_ठाणे: दशैं लक्षातच नव्हता! आयोजकांना आजच विचारते. मिरजच्या ताई, चौकीचा प्रश्नही त्यांच्यापुढे ठेवते.