मदत हवी आहे: मुलीचं आरएस, १२ मार्कांचा प्रश्न (तातडीचं)

वैतागलेली_आई
लेक दहावीत. आरएसच्या १२ मार्कांच्या प्रश्नाला दर वेळी ४ नाहीतर ५. छोट्या प्रश्नांना पैकीच्या पैकी. बाई नुसतं 'डेव्हलप करा' म्हणून शेरा मारतात. काय डेव्हलप करायचं? पुढच्या आठवड्यात मॉक आहे. नोट्स, क्लास, काहीही सुचवा. तत्त्वज्ञान नको प्लीज.

बोरकूट
आरएस म्हणजे? रिझनिंग का? बोर्ड कुठलं?

वैतागलेली_आई
रिलिजस स्टडीज हो.

बोरकूट
दहावीला धर्म?? कुठल्या शाळेत?

लेस्टरकर
बोरकूट, त्या इंग्लंडात असाव्यात, हे जीसीएसईचं, म्हणजे तिथल्या शालान्त परीक्षेचं चाललंय. ताई, बोर्ड कुठलं, एक्यूए की एडेक्सेल? दोन धर्म कुठले? प्रश्न काय होता? एवढंही न सांगता कोण काय सांगणार?

वैतागलेली_आई
एक्यूए. ख्रिश्चन आणि इस्लाम. शाळेनंच ठरवलं, आम्हाला कोण विचारतंय! प्रश्न फाशीचा होता, काही गुन्ह्यांना फाशीच हवी असं काहीतरी विधान.

नाना_सदाशिव
आपल्याकडे हे बरंय. घटनेचं कलम २८, पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण नाही म्हणजे नाही. मूल्यशिक्षणाचा तास पुरे.

बोरकूट
नाना, मूल्यशिक्षणाच्या तासाला आमच्याकडे गणिताचा पोर्शन संपवायचे. आणि धार्मिक शिक्षण वेगळं, धर्मांविषयीचं शिक्षण वेगळं. २००२ साली सर्वोच्च न्यायालयानं दुसऱ्याला हरकत नाही असंच म्हटलंय.

नाना_सदाशिव
कागदावर वेगळं. वर्गात शिकवणार कोण, ते सांगा.

शाळामास्तरीण
अहो, दुसरा धागा काढा ना. ताई, मी इथे हाच विषय शिकवते. तिनं काय लिहिलं ते टाका.

वैतागलेली_आई
पाऊण पान आहे, थोडक्यात देते. सरकारनं मारलं तरी तो खूनच. निरपराध माणूस फासावर गेला तर परत आणता येत नाही. येशूनं क्षमा शिकवली. म्हणून फाशी चूक.

शाळामास्तरीण
मग ५ बरोबर आहेत. एकच बाजू मांडली की कितीही सुरेख लिहा, ६ च्या वर जात नाही. विधानाच्या बाजूनं, विरोधात, दोन्हीकडे धर्माचा आधार आणि शेवटी कारणासकट आपला निकाल, एवढं लागतं.

'क्षमा शिकवली' एवढ्यावर भागत नाही. मॅथ्यूच्या शुभवर्तमानात येशू 'डोळ्याबद्दल डोळा' हा जुना नियम सांगतो, पण त्याऐवजी दुसरा गाल पुढे करायला सांगतो. हे लिहून 'म्हणून सूड हा शिक्षेचा हेतू असू शकत नाही' इथपर्यंत न्यायचं. बाईंचं डेव्हलप ते हेच. समोरच्या बाजूला जुन्या करारातला तोच नियम आणि इस्लाममधला किसास, म्हणजे जशास तशी शिक्षा. पण कुराणात खून झालेल्याच्या वारसाला माफ करून दिया, म्हणजे भरपाई, घ्यायची वाटही ठेवलीय. तो मुद्दा नीट वापरला तर फार चांगलं दिसतं. पेपर ९६ मार्कांचा, वेळ पावणेदोन तास. म्हणजे या प्रश्नाला बारा-तेरा मिनिटं, जास्त नाही.

वैतागलेली_आई
समोरची बाजू तिला पाठ आहे हो! लिहायचीच नाही म्हणते. 'मला पटत नाही ते मी का लिहू, खोटं बोलणं झालं ते.' माझ्याशी दोन दिवस अबोला आहे यावरून.

बोरकूट
हे आधी सांगायचं ना! क्लास कशाला शोधताय?

लेस्टरकर
आमच्या चिरंजीवांना आम्ही या विषयातूनच काढलं. पालकांना तो हक्क आहे, शाळेला पत्र द्या, संपलं.

शाळामास्तरीण
लेस्टरकर, त्यांनी मार्क विचारलेत, सुटका नाही.

कृष्णार्पण
खरं तर मुलीला गीता द्या वाचायला. दुसऱ्यांचे धर्म शिकून काय मिळणार?

शाळामास्तरीण
गीता चालेल की! फाशीचा प्रश्न पेपर २ मधला, म्हणजे थीमवरच्या पेपरातला आहे. तिथे शाळेत न शिकवलेल्या धर्माचे मुद्देही घेता येतात. अहिंसा, कर्म खुशाल लिहू दे. फक्त तिथल्या ४ मार्कांच्या प्रश्नात ख्रिश्चन मत मागितलेलं असेल तर ते सोडायचं नाही.

ताई, मुलीला एवढंच सांगा, 'फाशी हवी' असं तिनं लिहायचंच नाही. 'फाशीचं समर्थन करणारे काही ख्रिश्चन म्हणतात की' अशी सुरुवात करायची आणि पुढच्याच परिच्छेदात तो मुद्दा खोडून काढायचा. निकाल तिचा तिनं द्यावा. कुठली बाजू घेतली याला मार्क नसतात.

कृष्णार्पण
म्हणजे गीतेचा उपयोग मार्कांपुरता. छान!

वैतागलेली_आई
'खोडून काढायचा' हे ऐकून दाराबाहेर आली एकदाची. लिहितेय. पण आता पान दीड झालंय आणि अजून समर्थकांनाच झोडपतेय. कुठे थांबवू?

शाळामास्तरीण
घड्याळ लावा समोर. मॉकला थीम कुठल्या आहेत?

नाना_सदाशिव
बोरकूट, माझ्या प्रश्नाचं उत्तर राहिलं.