रामोन्सचा दुसरा अल्बम 'लीव्ह होम': तुमचे अनुभव लिहा

रामोन्स हा न्यूयॉर्कचा पंक बँड; पंक म्हणजे साधं, वेगवान, दणदणीत रॉक. त्यांच्या पहिल्या अल्बमला वर्ष व्हायच्या आत, जानेवारी 1977 मध्ये, 'लीव्ह होम' आला. 14 गाणी, सगळी मिळून अर्धा तासही नाही. पंकचा विषय निघाला की सगळे पहिल्या अल्बमबद्दल भरभरून बोलतात आणि याचं नावही निघत नाही, याची मला फार हळहळ वाटते. पहिल्यात गिटार एका कानात, बेस दुसऱ्या कानात. इथे आवाज भरीव झाला, गायक जोईचा गळा खुलला, पण बँड आपल्या वाटेवरून तसूभर हलला नाही. तुम्ही हा अल्बम कधी, कुठे ऐकलात? समीक्षा नको, तुमचं काय झालं ते लिहा.

पुणे, गिटार वाजवतो
माझं सगळं लक्ष गिटारवादक जॉनीच्या उजव्या हातावर. प्रत्येक फटका वरून खाली, परतीचा फटका नाहीच. यातलं 'कमांडो' हे गाणं त्याच वेगात वाजवून बघा. पहिल्या कडव्यातच हात भरून येतो. मग खाली-वर वाजवायचा मोह होतो, आणि तसं केलं की वेग तोच राहतो पण गाण्यातला जोर जातो. मनगट सैल, पिक (तारा छेडायची छोटी पट्टी) तारेला जेमतेम लागेल इतकंच पुढे, आणि रोज सराव. "तीन कॉर्ड तर आहेत" असं म्हणणाऱ्यांच्या हातात मी आता सरळ गिटार देतो.

ठाणे
माझ्याकडच्या जुन्या कॅसेटवर 'कार्बोना नॉट ग्लू' नव्हतंच. कार्बोना हा डाग काढायच्या द्रवाचा नोंदणीकृत ट्रेडमार्क, म्हणून गाणं काढावं लागलं. त्याजागी अमेरिकेत 'शीना इज अ पंक रॉकर' आलं, ब्रिटनमध्ये 'बेबीसिटर'. 2001 च्या सीडीवर 'कार्बोना' परत आलं. ओळखीच्या अल्बममध्ये मधेच एक अनोळखी गाणं! त्या दिवशी दुसरं काही ऐकलंच नाही.

नाशिक
'आय रिमेम्बर यू'. प्रेमभंगानंतर दुसरं काही चालत नव्हतं. एवढंच.

क्वीन्स, न्यूयॉर्क
आम्ही फॉरेस्ट हिल्सला राहतो. बँडमधले चौघेही इथलेच. त्यांच्या शाळेबाहेर, 67 वा ॲव्हेन्यू आणि 110 वा स्ट्रीट जिथे मिळतात तिथे, 2016 पासून 'रामोन्स वे' अशी पाटी आहे. लेक या शाळेत नवीन होती, घरी आली की गप्प गप्प असायची. तिला मी 'पिनहेड' ऐकवलं. त्यातला 'गॅबा गॅबा' हा घोष 1932 च्या 'फ्रीक्स' चित्रपटावरून घेतलाय. तू आमच्यातलाच, आम्ही तुला स्वीकारलं, असा त्याचा भाव. ती ओरडून म्हणायला लागली, मग मीही. खालच्या मजल्यावरच्या आजी वर आल्या, त्यांना चहा दिला. आता लेकीला गिटार शिकायचीय. पुणेकर दादा, सुरुवातीला कोणत्या जाडीच्या तारा लावू?

पुणे, गिटार वाजवतो
ताई, नऊच्या लावा, म्हणजे सगळ्यात बारीक तार 0.009 इंचाची. बोटं तयार झाली की दहाच्या. आणि पहिलं गाणं 'कमांडो' नको, 'स्वॅलो माय प्राइड' घ्या.