मदत हवी आहे: मी सिकलसेलची वाहक (एएस), नवरा थॅलेसेमिया मायनर, नववा आठवडा सुरू. सीव्हीएस (पोटातल्या बाळाची तपासणी) कोणी केली आहे का?

नमस्कार. पहिल्यांदाच लिहितेय, लांबलं तर समजून घ्या.

मी नागपूरची, वय २८. पहिलंच बाळंतपण, आज ८ आठवडे ४ दिवस झाले. मी सिकलसेल ह्या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची वाहक, म्हणजे एएस. हे शाळेत असल्यापासून माहीत आहे, कारण माझा दादा एसएस, म्हणजे सिकलसेलचा रुग्ण आहे. म्हणून लग्न ठरताना मी एकच अट घातली होती: मुलाची सिकलसेल तपासणी. ती झाली, सोल्युबिलिटी ही साधी रक्ततपासणी निगेटिव्ह आली आणि आम्ही सगळे निर्धास्त झालो.

मागच्या आठवड्यात नव्या डॉक्टरांनी ह्यांचा जुना सीबीसी पाहिला. हिमोग्लोबिन १२.१, एमसीव्ही (तांबड्या पेशींचा सरासरी आकार) कमी, ६३, तांबड्या पेशी मात्र ६१ लाख. रक्त कमी आहे म्हणून हे कित्येक वर्षं लोहाच्या गोळ्या खाताहेत. डॉक्टरांनी एचपीएलसी, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार मोजणारी तपासणी, करायला लावली, तर त्यातला एचबीए२ हा प्रकार वाढलेला आला, ५.४. थॅलेसेमिया मायनर, म्हणजे हेही वाहकच! सोल्युबिलिटीत फक्त सिकलसेलचा एस सापडतो, थॅलेसेमिया दिसतच नाही, हे आम्हाला तेव्हा कुणीच सांगितलं नव्हतं. माझ्यासारखी कुणी लग्नाआधी चौकशी करत असेल तर कळकळीने सांगते, दोघांचीही एचपीएलसीच करा.

आता माझा एस आणि ह्यांचा थॅलेसेमिया असे दोन्ही बाळात उतरण्याची शक्यता २५ टक्के. तसं झालं तर त्याला सिकल-थॅलेसेमिया होईल, आणि ह्यांचा दोष तीव्र प्रकारचा निघाला तर बाळाचा त्रास दादासारखाच.

आधीच्या डॉक्टरबाई म्हणाल्या, १६ आठवडे होऊ द्या, मग बाळाभोवतीचं पाणी काढून तपासू. नवे डॉक्टर म्हणतात ११ ते १३ आठवड्यांत सीव्हीएस करा, म्हणजे वारेचा बारीकसा अंश सुईने काढून त्यातला डीएनए तपासायचा. त्याआधी ह्यांच्या रक्तातलं नेमकं म्युटेशन (जनुकातला दोष) शोधावं लागतं, त्यालाही दिवस लागतात. त्यात एका सोनोग्राफी सेंटरवर ऐकवलं, असल्या तपासण्यांवर बंदी आहे.

सीव्हीएस केलेल्या कुणी सांगाल का, किती दुखतं? गर्भपाताची भीती खरी किती? आणि नागपुराहून कुठे जायचं?

शेवटचं विचारू की नको, कळत नाही. दादा आज ३४ वर्षांचा आहे. लहानपणी थंडी पडली की त्याची हाडं ठणकायची. आई रात्रभर तव्यावर फडकं गरम करून शेकायची आणि मी दाराशी बसून असायची. आता हायड्रॉक्सीयुरिया ह्या औषधाने पुष्कळ बरं आहे, झेरॉक्सचं दुकान चालवतो. बाळ त्याच्यासारखं असेल का, हे पाहायला मी चाललेय, हे त्याला कोणत्या तोंडाने सांगू?

प्रतिसाद १
ताई, माझी सीव्हीएस दोन वर्षांपूर्वी झाली. आम्ही दोघंही थॅलेसेमिया मायनर. परळला केईएमच्या आवारात एनआयआयएच आहे, आयसीएमआरची रक्ताच्या आजारांवरची संस्था. हिमोग्लोबिनच्या आजारांचं गर्भनिदान तिथे वर्षानुवर्षं होतंय. चंद्रपूरलाही त्यांचं केंद्र आहे, आधी तिथे फोन करून विचारा.
पोटावर भूल देऊन सोनोग्राफीत बघत सुई घालतात. मला टोचल्यापेक्षा ओढल्यासारखं जास्त वाटलं, पाचेक मिनिटांत झालं. सुई वारेत जाते, बाळाला लागत नाही. सरावलेल्या हातात गर्भपाताचा धोका १ टक्क्याच्या आतच असतो, असं मला सांगितलं होतं. तुमचा रक्तगट निगेटिव्ह असेल तर अँटी-डीचं इंजेक्शन लागेल, तेवढं आठवणीने विचारा. आणि ह्यांचं रक्त म्युटेशनसाठी उद्याच द्या. त्यावाचून सगळं अडतं.

प्रतिसाद २
मी प्रसूतितज्ज्ञ आहे. सेंटरने चुकीचं सांगितलं. १९९४ चा कायदा लिंगनिदानाला बंदी घालतो. हिमोग्लोबिनच्या आनुवंशिक आजारांसाठी नोंदणीकृत केंद्रात गर्भनिदान करायला त्याच कायद्यात स्पष्ट परवानगी आहे. लेखी संमती तुमची स्वतःची लागते.
१६ आठवड्यांनी पाणी तपासणंही चूक नाही, पण निकाल हाती येईपर्यंत अठरावा आठवडा उजाडतो, बाळाची हालचाल जाणवू लागते. बाराव्या आठवड्यात नमुना दिला तर काय करायचं ते ठरवायला उसंत मिळते. कायद्याने २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरच्या मताने गर्भपात करता येतो, पण तो जितका लवकर तितका शरीराला सोपा. काही करायचं नसेल, तरीही बाळाचे उपचार पहिल्या महिन्यांपासून आखता येतात.
दंडातून रक्त घेऊन होणारी एनआयपीटी किंवा डबल मार्कर ह्याच्या बदल्यात कुणी सुचवली तर ऐकू नका. त्या तपासण्या डाऊन सिंड्रोमसारख्या आजारांसाठी असतात, त्यांत हे कळत नाही.

प्रतिसाद ३
मी स्वतः एसएस आहे, भंडाऱ्याचा. माझ्या बहिणीनेही ही तपासणी केली होती आणि मला बाहेरून कळलं, ते लागलं. तपासणी केली म्हणून नाही, लपवलं म्हणून. दादाला तुम्हीच सांगा.

धागाकर्ती, १६ दिवसांनी
सगळ्यांचे मनापासून आभार. व्यक्तिगत निरोपातून ज्यांनी आपले रिपोर्ट पाठवले त्यांचे तर फारच.
म्युटेशन सापडलं, आयव्हीएस १-५. भारतात सगळ्यात जास्त आढळणारं, आणि तीव्र प्रकारात मोडणारं. सीव्हीएस मुंबईला, ११ आठवडे ५ दिवसांना ठरली आहे. रक्तगट पॉझिटिव्ह आहे. सासूबाई अजून म्हणतात, देवाने दिलंय ते घ्यावं. मी त्यांच्याशी वाद घातला नाही, पण तारीखही बदलली नाही.
दादाला परवा दुकानात जाऊन सांगितलं. तो मशीन बंद करून बसला, बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "माझ्या वेळी ही सोय असती तर आईने काय केलं असतं, हे मी तिला कधी विचारलं नाही. तूही विचारू नकोस." मग निघायचं कधी ते विचारलं. ह्यांना रजा मिळत नाही, म्हणून दादाच सोबत येतोय. विदर्भ एक्स्प्रेसची स्लीपरची तिकिटं काढलीत, एसीचा गारठा त्याला सोसत नाही. निकाल आला की इथेच लिहीन.