पाळीत अति रक्तस्राव: पिशवी काढण्याआधी कोणते उपाय?

प्रश्न: वय ४३. पाळी ८ दिवस, दर दोन तासांनी पॅड बदलावा लागतो, गाठी पडतात. हिमोग्लोबिन ९. सोनोग्राफी नॉर्मल. डॉक्टर थेट पिशवी काढा म्हणतात. गोळ्यांनी भागेल का?

उत्तर १: ताई, घाई नको. या वयात आधी गर्भाशयाच्या अस्तराची बायोप्सी (छोटा तुकडा काढून तपासणी), थायरॉईड आणि फेरिटिन (शरीरातल्या लोहसाठ्याची रक्ततपासणी). ते ठीक असेल तर डॉक्टरांना ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडबद्दल (स्राव कमी करणारी गोळी) विचारा: ५०० मिग्रॅच्या २ गोळ्या दिवसातून ३ वेळा, जास्त स्रावाच्या दिवसांतच, फार तर ४-५ दिवस. अंगावरून जायला लागताच सुरू करा. तिसऱ्या दिवशी घेतली तर निम्मा स्राव होऊन गेलेला असतो आणि बायका म्हणतात, गोळी लागू पडत नाही. पूर्वी पायात किंवा फुफ्फुसात रक्ताची गुठळी झाली असेल तर ही गोळी अजिबात नको.

उत्तर २: दीर्घकाळासाठी ५२ मिग्रॅ लेव्होनॉर्जेस्ट्रेलचं (एक हार्मोन) गर्भाशयात बसवायचं साधन सर्वांत चांगलं. साध्या तांबीनं उलट स्राव वाढतो, दोन्हींची गल्लत करू नका. पहिले ३ ते ६ महिने अधूनमधून डाग लागतात. नेमकं तेव्हाच कंटाळून काढून टाकलं जातं. कृपया धीर धरा.

उत्तर ३: लोहाची गोळी विसरू नका. चहासोबत घेतली तर लोह नीट शोषलं जात नाही. हिमोग्लोबिन भरल्यावरही ३ महिने चालू ठेवा. तासाला एक पॅड भिजून चक्कर येत असेल तर लगेच रुग्णालय गाठा.