फ्लॉरेन्सला ‘कलेचं माहेरघर’ म्हणताना...

वाटसरू:
इटलीतल्या फ्लॉरेन्सहून परतलेला प्रत्येक जण तिथल्या मुख्य चर्चच्या घुमटाचे फोटो दाखवतो. त्याच घुमटाखाली २६ एप्रिल १४७८ ला, रविवारची प्रार्थना चालू असताना, गावावर सत्ता चालवणाऱ्या मेदिची घराण्यातल्या ज्युलियानोला १९ वार करून मारलं. थोरला भाऊ लोरेंझो मानेवरची जखम घेऊन बाजूच्या खोलीत शिरला, दार लावून घेतलं, म्हणून वाचला. कट पाझ्झी या सावकार घराण्याचा. सामील चक्क पिसाचा आर्चबिशप! त्याला त्याच दिवशी सरकारी वाड्याच्या खिडकीतून लटकवलं. याकोपो पाझ्झीचं पुरलेलं प्रेत उकरून पोरांनी रस्त्यांतून फरफटवलं आणि आर्नो नदीत फेकलं. तुरटीच्या खाणीच्या भांडणात १४७२ ला व्होल्तेरावर फौज घालणारा, गाव लुटलं जाऊ देणारा लोरेंझो तो हाच. याला कलेचा आश्रयदाता म्हणायचं? ही सगळी रंगसफेदी.

खडूस:
रक्त तेव्हा इटलीभर सांडत होतं हो. मिलानचा ड्यूक १४७६ ला चर्चमध्येच मारला गेला. मग खून झाले त्या सगळ्या गावांची फ्लॉरेन्स का नाही झाली? घुमट १४३६ ला पुरा झाला, लोरेंझो जन्मला १४४९ ला. बांधकाम होतं लोकर व्यापाऱ्यांच्या संघाकडे. बाप्तिस्मागृहाच्या दारांसाठी तर १४०१ ला चक्क स्पर्धा लावली होती. श्रेय द्यायचं तर या चढाओढीला द्या, मेदिचींना कशाला?

वाटसरू:
बरं झालं लोकर संघाचं नाव काढलंत. १३७८ ला लोकर पिंजणाऱ्या मजुरांनी, म्हणजे च्योम्पींनी, बंड केलं. मागणी काय, तर आम्हालाही आमचा संघ काढू द्या. मिळाला, आणि काही आठवड्यांत मोडून टाकला. तुमच्या चढाओढीचा पैसा या लोकांच्या घामाचा.

प्राजक्ता:
तुम्ही दोघंही कला एकीकडे आणि रक्त दुसरीकडे ठेवून भांडताय. पाझ्झी कटातल्या फाशी गेलेल्यांची चित्रं भिंतीवर काढली ती चित्रकार बोत्तिचेल्लीने, ४० फ्लोरिन, म्हणजे सोन्याची नाणी, घेऊन. ‘प्रिमावेरा’ हे वसंताचं प्रसिद्ध चित्र काढणारा तोच हात. एक मारेकरी, बांदिनी, पार कॉन्स्टँटिनोपलला पळाला होता. सुलतानाने त्याला परत धाडलं, १४७९ ला फाशी झाली. तरुण लिओनार्दो दा विंचीने लोंबतं प्रेत रेखाटलं आणि शेजारी कपड्यांचे रंग टिपले: अंगरखा निळा, आत कोल्ह्याची फर. (मला त्या फरचीच जास्त भीती वाटते.)

खडूस:
पोटासाठी केलेलं काम ते. फाशीची चित्रं १४९४ ला मेदिची हाकलले गेले तेव्हा पुसली, ‘प्रिमावेरा’ राहिलं. चांगलं होतं ते टिकलं.

प्राजक्ता:
चांगलं म्हणून नव्हे! ते होतं मेदिचींच्याच एका चुलत शाखेकडे. भाऊबंदकी तिथेही होती. थोरली पाती बुडतेय म्हटल्यावर या शाखेने बाजू बदलली आणि नावच ‘पोपोलानो’ लावून घेतलं, म्हणजे जनतेचा माणूस.

खडूस:
हे माहीत नव्हतं. घुमटाचा मुद्दा मात्र सोडत नाही.