यकृतातला इन्सुलिन रेझिस्टन्स (इन्सुलिनला नीट दाद न देणं) जीटीटीवरून ओळखता येतो का?

प्रश्न
उंदरांना आठवडाभर 60 टक्के कॅलरी चरबीतून मिळतील असा आहार दिला. वजन फारसं वाढलं नाही, पण जीटीटीत (ग्लुकोज देऊन रक्तातली साखर किती वेगाने उतरते ते बघायची चाचणी) साखर उशिरा उतरते. दोष यकृतात आहे की स्नायूंत? इतक्या लवकर यकृत बिघडतं का?

उत्तर १
बिघडतं. रॅटमध्ये तर 3 दिवस पुरतात, स्नायूंच्या आधी यकृताचा नंबर लागतो. साठलेलं ट्रायग्लिसराइड तसं निरुपद्रवी, गडबड डायॲसिलग्लिसरॉलची (चरबी बनताना मधे तयार होणारा रेणू). ते पेशीच्या पडद्यात वाढलं की पीकेसी-एप्सिलॉन हे एन्झाइम तिथे जाऊन बसतं आणि इन्सुलिन रिसेप्टरचं कायनेज (इन्सुलिनचा संदेश पेशीत पुढे ढकलणारा भाग) मंदावतं.

जीटीटीवरून अवयव मात्र कळणार नाही, कारण त्यात स्वादुपिंड, स्नायू, यकृत सगळ्यांचा हिशेब एकत्र येतो. क्लॅम्पच करा, म्हणजे शिरेतून इन्सुलिन आणि ग्लुकोज देत साखर एका पातळीवर धरून ठेवायचा प्रयोग. कॅथेटर (शिरेतली बारीक नळी) बसवल्यावर 5-7 दिवस सावरू द्या. 5-6 तास उपाशी ठेवा आणि ट्रिशियमयुक्त ग्लुकोज (किरणोत्सारी खुणेचं, म्हणजे ट्रेसर) 2 तास रक्तात सोडून इन्सुलिन देण्याआधीची मूळ ग्लुकोजनिर्मिती मोजा. मग इन्सुलिन चालू ठेवून, बाहेरून ग्लुकोज देत साखर 110-120 मिग्रॅ प्रति डेसिलिटरवर धरा. साखर स्थिरावल्यावर ट्रेसरवरून निघणाऱ्या एकूण ग्लुकोजमधून बाहेरून दिलेलं वजा करा, उरतं ते यकृताचं.

इन्सुलिन 2.5 मिलियुनिट प्रति किलो प्रति मिनिटच्या आसपास ठेवा. बरेच प्रयोग इथेच वाया जातात: डोस चढा असला तर बिघडलेल्या यकृताची ग्लुकोजनिर्मितीही पूर्ण दबते आणि दोन गटांतला फरक पुसला जातो.

उत्तर २
कंट्रोल गटाला काय देताय? साधा चाऊ (उंदरांचं नेहमीचं धान्याचं खाद्य) चालणार नाही, त्यातले तंतू आणि वनस्पतिजन्य इस्ट्रोजेन वेगळे. सुक्रोज जुळवलेला, 10 टक्के चरबीचा शुद्ध आहार घ्या. सुक्रोज जास्त झालं तर कंट्रोलच्याच यकृतात नवी चरबी तयार होते. रात्रभर उपास नको, यकृतातलं ग्लायकोजन संपतं आणि चरबी वाढते.

उत्तर ३
क्लॅम्पमध्ये ग्लुकोजनिर्मिती दबली नाही म्हणून लगेच यकृताला दोषी धरू नका. क्लॅम्पच्या आधी आणि शेवटी रक्तातली मुक्त मेदाम्लं मोजा. ती उतरली नसतील तर मेदपेशींतलं चरबीचं विघटन थांबलेलं नाही. तिथून येणाऱ्या मेदाम्लांमुळे यकृतात असेटिल-कोए (मेदाम्लं जळताना बनणारा रेणू) चढं राहतं आणि पायरुव्हेट कार्बोक्सिलेज (नवं ग्लुकोज बनवण्यातलं एन्झाइम) जोरात चालतं.

यकृताचा स्वतःचा दोष पाहायला वेगळे उंदीर राखून ठेवा. इन्सुलिन टोचून 5 मिनिटांत यकृत काढून द्रव नायट्रोजनमध्ये टाका आणि एकेटीचं (पेशीत इन्सुलिनचा संदेश पुढे नेणारं प्रथिन) फॉस्फोरिलेशन, म्हणजे त्यावर फॉस्फेट किती चढलंय ते बघा. गोठवायला उशीर झाला की फॉस्फेट उतरतं आणि खोटा दोष दिसतो.