बॅझिल्डन पार्क: तिकीट अठराव्या शतकाचं, माल विसाव्या?

रेडिंगकर:
रविवारी बर्कशायरमधलं बॅझिल्डन पार्क पाहून आलो. वास्तुविशारद जॉन कारने 1776 ते 1783 दरम्यान उभारलेली हवेली. दर्शनी भागात उंच खांब, बाथ शहराकडचा मधाच्या रंगाचा दगड, सगळं कसं तोलून मापून. आत गेलो आणि हिरमोड झाला. महोगनीचे दरवाजे, शेकोट्यांच्या चौकटी यांतलं बरंचसं लिंकनशायरमधल्या पाडलेल्या पँटन हॉलचं. इथल्या जेवणघराची सजावट न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ ॲस्टोरिया हॉटेलात कधीच गेलेली. अष्टकोनी दिवाणखान्याच्या भिंतींना लाल फेल्ट (दाबून केलेलं जाड लोकरी कापड), तेही 1950 नंतरचं. मग जुनं ते काय पाहिलं मी?

उंबरठा:
अहो, आधीची दशा तरी बघा! महायुद्धात सैनिक राहिले, युद्धकैदी राहिले. खिडक्यांना काचांऐवजी पुठ्ठे. आयलिफ दांपत्याने 1950च्या दशकात हे घर विकत घेऊन दुरुस्तीला हात घातला नसता तर हेही पँटनच्याच वाटेने गेलं असतं. 1978 मध्ये त्यांनी ते नॅशनल ट्रस्टला, म्हणजे जुनी घरं जपणाऱ्या संस्थेला, देऊन टाकलं. आणि पँटनवरही कारचाच हात होता, म्हणून तिथले दरवाजे इथल्या चौकटींत चपखल बसले. आपल्याकडे पाडलेल्या वाड्यांचे दरवाजे हॉटेलांत शोभेला टांगतात. इथे दरवाजा निदान उघडतो, मिटतो.

रेडिंगकर:
चपखल बसला म्हणून घरचा होतो का? दत्तक आहे तर पाटीवर ठळक लिहावं, एवढंच म्हणणं.

मिरजेची_मावशी:
दारांवरून काय भांडताय? बांधवून घेणारा फ्रान्सिस साइक्स कोण होता? ईस्ट इंडिया कंपनीचा माणूस, मुर्शिदाबादच्या दरबारात रेसिडेंट, म्हणजे कंपनीचा प्रतिनिधी. बंगालात गब्बर झाला आणि इकडे येऊन ही इस्टेट घेतली. मूळचं काय आणि बाहेरचं काय ते मोजायचंच, तर पैशापासून मोजा की.

उंबरठा:
मावशी, खरंय. ट्रस्टच्या 2020च्या अहवालात अशा घरांचा हिशेब आलाय. पण त्यासाठी घर पडू द्यायचं का?

मिरजेची_मावशी:
पडू द्या असं मी कुठे म्हटलं? दारं मोजलीत, चौकटी मोजल्यात, फेल्टसुद्धा सुटलं नाही. साइक्सचं नाव मात्र मला काढावं लागलं.

रेडिंगकर:
घ्या, सापडलो. पुढच्या खेपेला साइक्सपासून सुरुवात करतो. लाल फेल्ट मात्र मला अजूनही नाट्यगृहासारखंच वाटतं, त्यावर माघार नाही.